दोन किलोमीटरनंतर थांबायचं

पोदेराचा भोंपू वळणापार गेला की
मी ओम्नी उलटी घेते इनासच्या फाटकात.
शिडी भिंतीला टेकून उभी,
खालच्या दोन पायऱ्यांवर कालचा चुना.
एक टोक त्याचं, एक माझं,
असं होतं गेल्या मे महिन्यापर्यंत.
आता दोन्ही टोकं मीच उचलते.
तो उंबऱ्यावर बसून बघतो
आणि दुखऱ्या गुडघ्यावर
बोटांनी हवेतच गाठ मारत राहतो.

सत्तावीस वर्षं तारवटी.
बोटीवर सगळं बांधलेलं असतं, म्हणतो, चहाची किटलीसुद्धा.
सैल काय राहिलंय
ते समुद्राला तुझ्याआधी कळतं.
रस्त्यालाही.

कॅरियरच्या दांड्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे,
म्हणजे शिडी घसरत नाही.
पुढे दोन गाठी, मागे दोन,
उजवा खांब वेगळा, डावा वेगळा:
एक रुसली तर तिघी सांभाळतील.
पट्ट्याला एक पीळ दे.
सरळ पट्टा वाऱ्यात गुणगुणतो
आणि गुणगुणता गुणगुणता झिजतो.
(इनास स्वतः दिवसभर गुणगुणतो.
मी काही बोलत नाही.)
नाकाकडून एक दोर बंपरच्या कडीला,
शेपटीकडून एक.
शेपटीला लाल फडकं, माझ्या जुन्या परकराचं.
मागच्या पोरांनी खुशाल हसावं,
पण लांबून.

आणि शिडीला शिडी बांध.
हे तो हळू आवाजात सांगतो.
बाणस्तारीच्या पुलाअलीकडे, कधीतरी,
त्याने बाहेरची शिडी बांधली होती
चार पक्क्या तारवटी गाठींनी.
आतली, सरकती, तशीच.
पुढ्यात म्हैस आली. ब्रेक.
टेबलाचा खण उघडावा तशी
आतली शिडी निघाली,
काचेवरून, म्हशीच्या बाजूने,
थेट समोरून येणाऱ्या स्कूटरच्या पुढ्यात.
चाकापासून वीतभर.
बाई ओरडली नाही. नुसती बसून राहिली.
पाटीतले बांगडे डांबरावर पसरले,
ते दोघांनी मिळून वेचले, मोजले.
एक कमी भरला.
अजूनही त्या वळणावर
इनास मान वळवून गटाराकडे बघतो.

कुणी खिडकीतून हात काढून
टपावरची शिडी धरून चाललेला दिसला
की तो पेटतो.
हात म्हणजे दोर न्हय, सुलक्षा!
हात नुसता सांगतो
की बांधताना तुला घाई होती.

दोन किलोमीटरनंतर थांबायचं.
फर्मागुडीच्या चढाला मी गाडी कडेला घेते.
दोर घरी एक बोलतो,
रस्त्यावर आल्यावर दुसरंच.
पुढच्या गाठी घट्ट.
मागे, डावीकडे, अर्धं बोट जातं.
सोडते, पुन्हा आवळते.
तो आरशातून मोजतो आहे, मला ठाऊक आहे.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर ओहोटी.
फेरीची फळी तिरकी, खोल;
शेपूट आपटेल म्हणून
मी गाडी कलती घालते, इंचाइंचाने.
खलाशी हातवारे करतो, येऊं दी, येऊं दी,
फडकं लोखंडाला पुसून जातं.
मग इंजिन बंद.
दिवाडीला फेस्ताआधी कपेलाला चुना काढायचा आहे,
वर क्रुसापर्यंत
आज पहिल्यांदा मी एकटी जाणार.

मांडवीच्या मध्यावर कधीतरी
इनासने काच खाली केली.
हात बाहेर गेला, वर गेला,
शिडीच्या खांबावर टेकला.
चार गाठी होत्या. दोन दोर.
शिडीला शिडी बांधलेली.
धरण्यासारखं काही उरलं नव्हतं.
मी पलीकडच्या खारफुटीकडे बघत राहिले,
एक बगळा होता, तो मोजला,
पुन्हा मोजला.

फळी दिवाडीला टेकली.
हात आत आला.
"मागचा दोर बघ," म्हणाला,
जसं काही मधे झालंच नव्हतं.
उतरले. बघितला.
अर्धं बोट.